लिलावातला जुना चेन डोझर पुन्हा कामाला लावताना

नोव्हेंबर २०२३ मध्ये आम्ही एक बंद पडलेला बीईएमएलचा डी-५० डोझर (साखळीवर चालणारं, पुढच्या ब्लेडनं माती ढकलणारं मशीन) सरकारी लिलावात बघितला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यानं पहिलं शेत सपाट केलं. मधल्या काळात कितीतरी गोष्टी लोकांना विचारत फिरावं लागलं, कारण जेसीबीबद्दल गावोगावी माहिती मिळते पण चेनवाल्या जुन्या मशीनबद्दल बोलणारी माणसं आता मोजकी उरलीत. म्हणून जे जसं झालं तसं लिहितोय, खर्चासकट.

आमचं गाव जत तालुक्यात. घरचा एक जेसीबी आहे, बांध, चर, शेततळं, गाळ काढणं ही कामं त्याच्यावर चालतात. पण मुरमाड उताराचं रान सपाट करायचं तर बॅकहोनं उकरून आणि पुढच्या बकेटनं ढकलून काम संपत नाही, टायर घसरतात आणि डिझेल जातं. तिथं डोझरच पाहिजे. नवा घेण्याची ऐपत नव्हती. आमच्या शेजारचे आण्णा सरकारी यांत्रिकी खात्यात तीसेक वर्षं डोझर ऑपरेटर होते, ते म्हणाले की डी-५० मिळत असेल तर बघ, त्याचं सगळं उघडून बसवता येतं, त्यात कॉम्प्युटर नाही.

हे खरंच महत्त्वाचं आहे. बीईएमएल ही १९६४ ची सरकारी कंपनी आणि हे जुने डोझर जपानच्या कोमात्सुच्या तंत्रज्ञानावर बनलेले, त्यामुळं पार्ट नंबरही बऱ्याच ठिकाणी कोमात्सुचेच चालतात. याचा फायदा पुढं सांगतो.

लिलाव एमएसटीसीच्या पोर्टलवर होता, ही सरकारी खात्यांचा जुना माल ऑनलाइन लिलावात विकून देणारी सरकारी कंपनी. आधी खरेदीदार म्हणून नोंदणी करावी लागते, पॅन, जीएसटी, बँकेचा तपशील वगैरे, त्याची फी वेगळी. मग त्या लिलावाची अनामत भरायची. कॅटलॉगमध्ये मशीन बघायला जायच्या तारखा दिलेल्या असतात, त्या चुकवू नका, कारण विक्री जिथं आहे जसं आहे या अटीवर असते आणि नंतर काही बोलायला जागा नाही. आम्ही आण्णांना घेऊन यार्डात गेलो. मशीन बाभळीत उभं होतं, बॅटऱ्या गायब, सीट फाटलेली, सायलेन्सरच्या तोंडावर कुणीतरी पत्र्याचा डबा पालथा घातलेला. तो डबा बघून आण्णा खूश झाले, कारण सायलेन्सर उघडा राहिला तर पावसाचं पाणी थेट इंजिनात जातं आणि पिस्टन लायनरला धरून बसतो.

मी इंजिनाकडं निघालो तर आण्णा म्हणाले, "अरे आधी साखळी मोज. इंजिन कुणीबी करून देईल." चेन डोझरमध्ये दुरुस्तीचा जवळपास निम्मा पैसा खालच्या भागात जातो, म्हणजे साखळी, तिच्यावर मशीनचं वजन घेणारे रोलर, पुढं साखळी वळवणारं आयडलर चाक आणि मागं साखळी ओढणारं दात्यांचं स्प्रॉकेट. त्यामुळं मोजमाप तिथून सुरू. ताणलेल्या साखळीवर एका पिनच्या मध्यापासून चार कड्या सोडून पुढच्या पिनच्या मध्यापर्यंत टेप लावायचा आणि मूळ मापापेक्षा किती वाढलंय ते बघायचं. आमच्यात चार कड्या मिळून १२ मिमी वाढ होती, म्हणजे कडीमागं ३ मिमी. हे बुश (पिनवर बसलेली पोलादी नळी) पलटी करायच्या हद्दीवरचं माप होतं, त्याच्या पलीकडं गेलेलं नव्हतं.

बुश पलटी म्हणजे काय ते सांगतो, कारण इथंच लाखभर रुपये वाचतात किंवा जातात. स्प्रॉकेटचा दात बुशच्या एकाच बाजूला दाबून साखळी ओढतो, म्हणून बुश एका अंगानं झिजतो आणि दुसरं अंग कोरं राहतं. प्रेसवर पिन आणि बुश काढून अर्धा फेरा फिरवून परत बसवले की कोरी बाजू दाताला येते आणि साखळीची वाढलेली लांबीही परत जवळपास मूळ मापावर येते. हे आयुष्यात एकदाच करता येतं. म्हणून जुनं मशीन बघताना चिखल खरवडून बुशवर अंगठा फिरवा. एका बाजूला खोलगट आणि दुसऱ्या बाजूला गोल लागला तर पलटी बाकी आहे, दोन्ही बाजूंनी खोलगट लागला तर ती आधीच झालीय आणि आता नवी साखळीच घ्यावी लागणार. आमच्या दोन्ही साखळ्या एका बाजूनंच झिजलेल्या होत्या. बोली लावायचं तिथंच ठरलं.

लिलावात तुमच्यासमोर असतो तो भंगारवाला. त्याला मशीन चालतं का याच्याशी देणंघेणं नाही, तो वजन गुणिले भंगाराचा दर धरतो. डी-५० साधारण १२ टनांचा, त्यावेळी आमच्याकडं भंगार ३५ रुपये किलोच्या आसपास होतं, म्हणजे सव्वाचार लाखाच्या खाली मशीन मिळणार नाही हे आधीच कळलेलं होतं. आम्हाला ५ लाख ४० हजारांना लागलं. पण लागलं म्हणजे मिळालं असं नाही, स्टेटस आलं "मंजुरीच्या अधीन". विकणाऱ्या खात्याला ती किंमत मान्य करावी लागते आणि ती फाइल फिरत राहिली. डिसेंबर गेला, जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मंजुरी आली. या काळात अनामत अडकून राहते आणि पुढचे पैसेही तयार ठेवावे लागतात, कारण मंजुरीनंतर भरायची मुदत थोडी असते. वर १८ टक्के जीएसटी म्हणजे ९७ हजार २००, आणि टीसीएस, म्हणजे विकणारा वसूल करतो तो आयकर. जीएसटीचं इनपुट क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळेल असं गृहीत धरू नका, शेतीची कामं करमाफ असतील तर तो हिशोब बदलतो, सीएला बोली लावायच्या आधी विचारा.

पैसे भरल्यावर डिलिव्हरी ऑर्डर मिळते आणि मशीन उचलायची तारीख त्यावर असते, उशीर झाला की जागाभाडं लागतं. या कागदांच्या तीन-चार झेरॉक्स आणि एक स्कॅन ठेवाच. कारण लोखंडी साखळीवरचा डोझर आरटीओच्या बांधकाम वाहनांच्या व्याख्येत बसत नाही, तिथं रबरी टायर किंवा ड्रमवाल्या यंत्रांचा उल्लेख आहे. म्हणजे याला आरसी बुक नाही, नंबर प्लेट नाही. मालकीचा पुरावा म्हणजे विक्रीचं बिल आणि डिलिव्हरी ऑर्डर, बस. रस्त्यात कुणी अडवलं, विमा काढायचा झाला, उद्या विकायचा झाला तरी हेच कागद. मशीनवरच्या पितळी पाटीचा फोटोही रंग द्यायच्या आधी काढून ठेवा, मॉडेल, चासी नंबर आणि वर्ष तिथंच असतं.

लोबेडवर, म्हणजे मशीन वाहायच्या बुटक्या ट्रेलरवर, आणताना ब्लेड काढून वेगळं ठेवलं, नाहीतर रुंदी हद्दीबाहेर जाते आणि वेगळी परवानगी लागते. मशीन स्वतः चढणार नव्हतं म्हणून क्रेन. गाडी आणि क्रेन मिळून ३८ हजार. फेब्रुवारी २०२४ मध्ये मशीन आमच्या दारात आलं.

मग उघडायचं काम. पहिली गोष्ट, चेन सैल करणं. आयडलरच्या मागं ग्रीसचा सिलिंडर असतो, त्यात ग्रीस भरलं की साखळी ताणते आणि व्हॉल्व सैल केला की ढिली होते. आतलं ग्रीस भयानक दाबाखाली असतं. तो व्हॉल्व एका फेऱ्यापेक्षा जास्त सोडायचा नाही, आणि त्याच्या समोर तोंड, हात, काहीही ठेवायचं नाही. ग्रीस कातडीत घुसलं तर वरून बारीक टोचल्यासारखं दिसतं पण हात जाऊ शकतो, थेट मोठ्या दवाखान्यात न्यावं लागतं. त्याच्या मागची जी मोठी रिकॉइल स्प्रिंग आहे ती तर घरी उघडायचीच नाही, ती कित्येक टन दाबून बसवलेली असते. आमच्या स्प्रिंगला काही झालं नव्हतं, आम्ही तिला हातच लावला नाही. आणि ब्लेड वर उचलून खाली काम करायचं असेल तर हायड्रॉलिकवर विसंबायचं नाही, लाकडाचे ठोकळे लावायचे, ते नसतील तर ब्लेड जमिनीवर टेकवून ठेवायचं. आमच्या पोरांना हे मी रोज सांगितलं आणि तुम्हालाही सांगतो.

साखळी जिथं उघडते ती मास्टर पिन काढायला दीड दिवस गेला. गंजून बसलेली होती. डिझेल मारून ठेवलं, गॅसनं कडी तापवली, मग जाड पंच लावून घण. साखळ्या उलगडून टेम्पोत घातल्या आणि कोल्हापूरला उद्यमनगरला नेल्या. तिथल्या वर्कशॉपवाल्यांनी आमच्यासारख्या किती जणांचं काम सोपं केलंय याचा हिशोब नाही, लेथ, बोरिंग, प्रेस, वेल्डिंग सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. ट्रॅक प्रेसवर दोन्ही साखळ्यांची पलटी जवळपास ३० हजारांत झाली. त्यात काही बुश तडकलेले निघाले ते नवे घातले. प्रेसवाल्याला सांगून ठेवा की कडीचं भोक सैल झालंय का ते प्रत्येक ठिकाणी बघ, सैल कडीत बुश फिरायला लागला की पलटीचा पैसा वाया.

साखळी पलटी केली की स्प्रॉकेटही बदलावं. जुना दात झिजून टोकदार झालेला असतो, त्यावर मूळ मापाची साखळी बसवली तर दोन्ही एकमेकांना खातात. आम्ही नव्या रिम (दात्यांचं बाहेरचं कडं) आणून जुन्या कापून वेल्ड करून घेतल्या, जोडी ५२ हजार. हे वेल्डिंग मात्र ज्यानं आधी केलंय त्याच्याकडूनच करून घ्या. आधी गरम करून, समोरासमोर थोडं थोडं मारत जातात, नाहीतर रिम वाकते.

पार्ट शोधताना नंबरची गंमत कळली आणि ती फार उपयोगी पडली. कोमात्सुच्या नंबरात तीन तुकडे असतात. पहिला मॉडेलच्या कुळाचा, डी-५० च्या बऱ्याच भागांना १३० किंवा १३१, डी-८० ला १५०. मधला तुकडा मशीनच्या कुठल्या भागातलं आहे ते सांगतो, २२ म्हणजे स्टिअरिंग क्लचकडचं, २७ फायनल ड्राइव्ह (स्प्रॉकेट फिरवणारा शेवटचा गिअरबॉक्स), ३० रोलर-आयडलर, ३२ साखळी, ३३ ब्रेक. हे कळल्यावर दुकानदाराला फोनवर "ते गोल सील" असं समजावत बसायला लागत नाही, आणि त्यानं पाठवलेलं पाकीट उघडायच्या आधीच चुकीचं आहे की बरोबर ते कळतं. बेअरिंग आणि साधी ऑइल सील मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मिळाली, बाकी बरंच दिल्लीच्या काश्मिरी गेटवरून ट्रान्सपोर्टनं. एका दुकानानं नव्या म्हणून पॉलिश केलेल्या जुन्या सील पाठवल्या, त्या परत करून पैसे मिळायला मे उजाडला. तेव्हा पाकीट उघडताना व्हिडिओ काढा.

या सीलबद्दल थोडं थांबून सांगतो. रोलर आणि फायनल ड्राइव्हमध्ये फ्लोटिंग सील असते, म्हणजे दोन धातूच्या कड्या तोंडाला तोंड लावून फिरतात आणि प्रत्येकीच्या मागं रबराची जाड रिंग. कडीची कड उजेडात धरली की एक बारीक चकचकीत पट्टा दिसतो, आरशासारखा. तोच पट्टा तेल धरून ठेवतो. त्यावर नखाला लागेल असा ओरखडाही चालत नाही. बसवताना रबर आणि त्याची बैठक पूर्ण कोरडी आणि स्वच्छ, आणि त्या चकचकीत पट्ट्यावर मात्र तेलाचं बोट. उलटं केलं तर रबर घसरतं आणि सील वाकडी बसते. आमच्याकडं वारा सुटला की धूळ उडते, म्हणून सीलचं सगळं काम आम्ही पहाटे, अंगणात पाणी मारून, बंद शेडमध्ये केलं. बसवल्यावर रोलरमध्ये हवेचा १ किलो दाब देऊन दहा सेकंद काटा हलत नाही ना बघायचं, मगच तेल भरायचं. गळणारे पाच रोलर असे घरीच झाले, तिघांची भोकंच मोठी झाली होती ते नवे घेतले. सगळे मिळून ६८ हजार.

डावा फायनल ड्राइव्ह उघडला तर तेल दुधाळ राखाडी. म्हणजे पाणी गेलेलं. ड्रेन प्लगच्या चुंबकावर गव्हाच्या पिठासारखा बारीक काळा चुरा होता, तो असतोच, त्याची काळजी नाही. बोटांत टोचणारे तुकडे निघाले की गिअर किंवा बेअरिंग तुटतंय. आमच्यात दोन तुकडे निघाले आणि बाहेरच्या बेअरिंगचा पिंजरा फुटलेला सापडला. गिअर वाचले. बेअरिंग, सील धरून ४१ हजार.

जून आला आणि पाऊस सुरू झाला, मशीन उघडं. ताडपत्री टाकून काम थांबवलं. हा काळ फार जड गेला. घरात पैसे अडकलेले, दारात सांगाडा, आणि येणारा जाणारा विचारायचा की भंगारात का नाही घालत. आई एकदाच म्हणाली, "घेतलंयस तर नीट कर, अर्धवट ठेवू नको." आण्णा रोज संध्याकाळी येऊन ताडपत्रीखाली बसायचे आणि शॉप मॅन्युअलची झेरॉक्स घेऊन मला स्टिअरिंग क्लच समजावायचे. मी त्या तीन महिन्यांत जे शिकलो ते कुठल्या कोर्समध्ये मिळालं नसतं.

डोझरला स्टिअरिंग चाक नसतं. दोन्ही साखळ्यांना वेगळा क्लच आणि वेगळा ब्रेक. डावा लिव्हर ओढला की डाव्या साखळीची ताकद तुटते, ब्रेक दाबला की ती थांबते आणि मशीन डावीकडं फिरतं. म्हणून बिघाड ओळखणं सोपं आहे. माल ढकलताना मशीन आपोआप उजवीकडं ओढत असेल तर उजवा क्लच घसरतोय. लिव्हर ओढून, ब्रेक दाबूनही वळत नसेल तर क्लच सुटत नाही किंवा ब्रेकचं लायनर संपलंय. पुढं इंजिन चालू होऊन साखळ्या चढल्यावर आमचं मशीन उजवीकडं जायचंच. त्यासाठी सीट, डिझेल टाकी, फ्लोअर प्लेट सगळं काढावं लागतं, दोन दिवस नुसतं तिथं पोचायलाच. क्लच प्लेटा आणि ब्रेक लायनर मिळून ५८ हजार. एकच बाजू खराब असली तरी दोन्ही बाजू करा, कारण उघडायची मजुरी पार्टएवढीच आहे.

इंजिनाचं काम त्यामानानं सरळ निघालं. हातानं फिरवून बघितलं, मोकळं होतं. तेल, फिल्टर, टाकी धुणं, पंप कॅलिब्रेशन १७ हजार, २४ व्होल्टसाठी दोन बॅटऱ्या आणि स्टार्टर २४ हजार. दसऱ्याच्या आधी पहिल्यांदा सुरू झालं, डिझेल लाइनमधली हवा काढण्यात अर्धा दिवस गेला. तेलाचा दाब काट्यावर दिसेपर्यंत रेस द्यायची नाही, हे आण्णांनी ऑपरेटरच्या मागं उभं राहून करून घेतलं.

मग साखळी चढवणं. शू प्लेटचे (साखळीवरच्या जमिनीला टेकणाऱ्या पट्ट्यांचे) बोल्ट सगळे नवे घ्या, जुने ताणलेले असतात. आधी ठरलेला टॉर्क, मग त्यावर मॅन्युअलमध्ये दिलेत तेवढे अंश आणखी. प्रत्येक बोल्टच्या डोक्यापासून प्लेटपर्यंत आम्ही पांढऱ्या रंगाची रेघ मारली. सैल झाला की रेघ तुटलेली लांबूनच दिसते. पहिल्या दिवसाच्या कामानंतर सगळे परत आवळले. साखळीचा ताण बघायला वरच्या रोलरपासून आयडलरपर्यंत सरळ पट्टी ठेवायची आणि मध्ये २० ते ३० मिमी झोळ ठेवायचा. नवशिका ऑपरेटर साखळी घट्ट ठेवतो, दिसायला छान दिसते, पण पिन, बुश, आयडलर सगळं दुप्पट झिजतं. ओल्या काळ्या रानात माती आत भरून साखळी आपोआप घट्ट होते, म्हणून तिथं ताण रानातच, मातीसकट बघा.

ब्लेडच्या खालची कटिंग एज आणि कोपरे १९ हजार, हायड्रॉलिक होज १४ हजार, सगळी तेलं ३२ हजार, मिस्त्री आणि हेल्परची मजुरी १ लाख ४० हजार. दुरुस्ती पाच लाखांच्या किंचित आत बसली, मशीन, कर आणि वाहतूक धरून एकूण पावणेबारा लाख. रंग दिला नाही. रंगाखाली गळती आणि तडे लपतात, पहिला सीझन उघडं लोखंड बघायचंय मला. विकत घेताना ताजा रंग दिसला तरी त्याच कारणानं दोनदा विचार करा.

विम्यासाठी कंत्राटदाराच्या यंत्रसामग्रीची पॉलिसी असते, मोटारची नाही. मशीन जुनं म्हटल्यावर एका ठिकाणी सरळ नकार आला, दुसरीकडं पाहणी करून, दुरुस्तीची बिलं बघून दिला. म्हणून पाचशेचं बिल असलं तरी फाइलला लावून ठेवा.

जानेवारीत शेजारच्या गावात चार एकर उताराचं रान घेतलं. तासाला १२ लिटरच्या आसपास डिझेल जातंय, दर दोन हजार मिळतो. वळणं कमी, लांब सरळ ढकल, आणि रिव्हर्स हळू, एवढंच ऑपरेटरला सांगितलंय. रिव्हर्सच्या वेगात माल ढकलला जात नाही पण बुश आणि स्प्रॉकेट सगळ्यात जास्त तिथंच झिजतात. चेनवाला लोडर कुणी घेत असेल तर हे दुप्पट लक्षात ठेवा, तो दिवसभर मागंपुढं आणि वळतच असतो, त्याची साखळी डोझरच्या आधी संपते. रोज संध्याकाळी साखळीतली माती फावड्यानं काढायची, दर आठवड्याला फायनल ड्राइव्हचं तेल काडी लावून बघायचं. उजव्या फायनल ड्राइव्हच्या सीलजवळ आता तेलाचा ओलसर डाग दिसायला लागलाय. त्याची सील आणि बेअरिंग मागवून ठेवलंय, मे अखेर कामं थांबली की उघडणार.